वडाची साल आणि चीक: उपयोग कुठे, धोका कुठे?

पंचवटी म्हणजे पाच वडांची जागा. नाशिकच्या पंचवटीत सीतागुंफेजवळ आजही वडाची जुनी झाडे आहेत. ज्येष्ठात वटपौर्णिमेला बायका वडाला सूत गुंडाळतात, आणि एरवी याच झाडाची साल, पारंब्या व चीक घरगुती औषध म्हणून वापरले जातात. ‘वडाच्या सालीचा काढा घेतोय, आता मधुमेहाची गोळी बंद करू का?’ असे रुग्ण विचारतात. उत्तर आधीच सांगतो: नाही. त्यामागचे कारण समजून घेऊ.

आयुर्वेदात वडाचे स्थान

संस्कृतमध्ये वडाला न्यग्रोध म्हणतात. सुश्रुतसंहितेत न्यग्रोधादि गण या नावाने औषधी झाडांचा एक गटच दिलेला आहे. वड, उंबर, पिंपळ, प्लक्ष आणि पारीष या पाच झाडांच्या सालींना मिळून पंचवल्कल म्हणतात. या सालींचा काढा जखम धुण्यासाठी, गुळण्यांसाठी आणि अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीत वापरतात. जुलाबातही वडाची साल देण्याची पद्धत आहे.

साल काम कशी करते?

साल चघळली तर तोंड तुरट होते. हा तुरटपणा टॅनिनमुळे येतो. टॅनिन प्रथिनांना बांधते, त्यामुळे त्वचेचा किंवा हिरडीचा वरचा थर आवळला जातो आणि स्राव कमी होतो. जखम, हिरड्या, जुलाब या पारंपरिक उपयोगांमागे हेच तत्त्व आहे. मात्र तुरट काढा ही प्रतिजैविके नव्हेत. जखमेत पू, वाढती सूज किंवा ताप असेल तर नुसते धुऊन भागत नाही. जुलाबात पहिली गरज ओआरएसची असते.

मधुमेहात काय?

सालीतील काही घटकांनी प्रयोगशाळेतील प्राण्यांची रक्तशर्करा कमी झाल्याचे आढळले आहे. पण तेवढ्यावरून माणसाचा डोस ठरत नाही आणि गोळीला पर्यायही मिळत नाही. घरच्या काढ्यात कोणता घटक किती उतरला, हे मोजलेले नसते.

येथे दोन धोके आहेत. औषध बंद केल्यास साखर वाढते आणि अनेकदा ते जाणवतही नाही. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन थांबवणे काही दिवसांतच जिवावर बेतू शकते. दुसरे म्हणजे, गोळी आणि काढा एकत्र घेतल्यास साखर जास्त उतरू शकते. घाम, थरथर, धडधड किंवा गरगरणे जाणवले तर लगेच साखर तपासा. ती 70 पेक्षा कमी असेल आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नका, तातडीने रुग्णालयात न्या.

चीक जपून वापरा

टाचांच्या भेगांवर आणि दुखऱ्या दातावर वडाचा चीक लावतात. त्याने काहींच्या त्वचेला खाज किंवा पुरळ येते. रबराची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तो टाळावा. डोळ्यात गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेहींनी भेगांवर चीक लावूच नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर चिघळलेली जखम कळत नाही, आणि अशाच दुर्लक्षित जखमेतून पुढे बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते.

लक्षात ठेवा

• काढा घ्यायचा असेल तर नोंदणीकृत वैद्यांच्या सल्ल्याने घ्या आणि तुमच्या डॉक्टरांनाही सांगा.
• गर्भवती, स्तनदा माता आणि लहान मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका.
• टॅनिनमुळे लोहाचे शोषण कमी होते. लोहाची गोळी आणि काढा एकाच वेळी घेऊ नका.
• रस्त्याकडेच्या झाडाची साल ओरबाडू नका. तिच्यावर धूळ आणि धूर बसलेला असतो, शिवाय झाडालाही इजा होते.
• मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन कमी करायचे असेल, तर आधी तपासणी करा आणि निर्णय डॉक्टरांसोबत घ्या.