सर्वांत वेगवान विमानच जिंकतं का?

बालमित्रांनो, सांगा पाहू: आकाशात दोन लढाऊ विमानांची गाठ पडली, तर जिंकेल कोण? ‘ज्याचा वेग जास्त, तो!’ असंच तुमच्यातले बरेच जण म्हणतील. चला, छत्रपती संभाजीनगरच्या आकाशातच हे ताडून पाहू.

त्यासाठी विमान घेऊ सुखोई-३० एमकेआय. हे विमान आपल्या ओळखीचं आहे बरं का! शेजारच्या नाशिक जिल्ह्यात ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. आपल्या हवाई दलाची बहुतेक सुखोई विमानं तिथंच तयार झाली. त्याआधी तिथं मिग-२१ बनत असत.

उंचावर गेल्यावर सुखोईचा कमाल वेग आवाजाच्या वेगाच्या जवळपास दुप्पट होतो, म्हणजे ताशी सुमारे २,१०० किलोमीटर. मिनिटाला ३५ किलोमीटर! चिकलठाण्यावरून या वेगानं निघालं तर दौलताबादचा किल्ला पाऊण मिनिटाच्या आत मागे पडेल आणि पाच मिनिटांत खाली ओझर दिसेल.

मग वैमानिक सारखा याच वेगानं का उडत नाही? कारण त्यासाठी आफ्टरबर्नर पेटवावा लागतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूत आणखी इंधन फवारून ते पेटवायचं, की विमानाला जबरदस्त रेटा मिळतो. पण इंधनही तसंच धडाधड जळतं. सुखोईत नऊ टनांहून जास्त इंधन मावतं. बेताच्या वेगानं उडत राहिलं तर तेवढ्यात सुमारे ३,००० किलोमीटर जाता येतं. आफ्टरबर्नर सतत चालू ठेवला, तर मात्र तेच इंधन किती पुरेल हे मिनिटांत मोजावं लागतं. शिवाय पंखांखाली क्षेपणास्त्रं टांगली, की हवेचा अडथळा वाढतो आणि कमाल वेग घटतो.

दुसरी अडचण वळणाची. कन्नडच्या घाटात एसटी झपकन वळली की तुम्ही खिडकीकडे ढकलले जाता ना? लढाऊ विमानाच्या वळणात हा जोर ९ ‘जी’पर्यंत, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नऊपटीपर्यंत जातो; ३० किलोच्या मुलाला आपलं वजन २७० किलो झाल्यासारखं वाटेल! डोक्यातलं रक्त पायांकडे उतरू लागतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस बेशुद्धही पडू शकतो. म्हणून वैमानिक खास जी-सूट घालतो. त्यातल्या पिशव्या हवेनं फुगून पाय आणि पोट घट्ट आवळतात. तोही स्नायू ताणून, श्वास रोखून रक्त वरच टिकवतो.

आता गंमत बघा. ताशी ९०० किलोमीटर वेगानं ९ ‘जी’चं वळण घेतलं, तर त्या वळणाची त्रिज्या पाऊण किलोमीटरपेक्षा थोडी कमी भरते. जोर तोच ठेवून वेग दुप्पट केला, की त्रिज्या चौपट होते! म्हणजे जास्त वेगवान विमानाला वळायला जास्त आकाश लागतं.

पण आजकाल शत्रूच्या मागं लागून घिरट्या घालण्याची वेळच सहसा येत नाही. भारतानं बनवलेलं ‘अस्त्र’ क्षेपणास्त्र १०० किलोमीटरपर्यंत मारा करू शकतं. संभाजीनगरवरून सोडलं तर थेट अहिल्यानगरच्या आसपास! म्हणजे वैमानिकाला शत्रूचं विमान डोळ्यांनी दिसतही नाही. ते रडारच्या पडद्यावर दिसतं.

या १०० किलोमीटरमध्येही एक मेख आहे. समोरून येणारं विमान स्वतःच अंतर कमी करत असतं. तेच विमान पाठ फिरवून पळालं, तर क्षेपणास्त्राचा पल्ला झपाट्यानं घटतो. कारण त्याचं इंधन थोड्याच वेळात संपतं. पुढचा प्रवास ते मिळालेल्या वेगावरच करतं, आणि प्रत्येक वळणाबरोबर तो वेग कमी होत जातो.

म्हणून आधी कोण कुणाला पाहतो, याला फार महत्त्व आहे. पण रडार चालू केलं, की त्याच्या लहरी शत्रूच्या विमानातल्या यंत्राला कळतात आणि आपला पत्ता लागतो! यावर एक युक्ती आहे. ‘नेत्रा’सारखं टेहळणी विमान मागं राहून दूरवर नजर ठेवतं आणि लढाऊ विमानांना खबर देतं.

तर आपल्या प्रश्नाचं उत्तर काय? वेग हवाच, पण आधी पाहणारा, इंधन राखून ठेवणारा आणि वेळेवर परत फिरणारा वैमानिक बहुधा वरचढ ठरतो.

तुम्हालाही हे कॉकपिट खुणावतंय? मग ऐका. सैन्यदलांत अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलांची एनडीएसाठी, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, तयारी करून घेणारी राज्य शासनाची संस्था आपल्याच शहरात १९७७ पासून आहे: सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला आहे. दहावीनंतर तिथली प्रवेश परीक्षा देता येते. तोवर गणित आणि विज्ञान पक्कं करा, रोज मैदानावर घाम गाळा आणि डोळ्यांची काळजी घ्या!