भाड्याच्या सर्व्हरवर आपली माहिती कितपत सुरक्षित? 'एन्क्लेव्ह' म्हणजे काय, समजून घेऊ

दवाखान्यातले रिपोर्ट, पतसंस्थेतली खाती, शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडलेलं आधार कार्ड. ही कागदपत्रं आता फक्त कपाटातल्या फायलीत राहत नाहीत, 'क्लाउड'वर जातात. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर, आपण भाड्याने घेतलेला. मग मालकाला आत डोकावता येतं का? सरळ उत्तर द्यायचं तर, साधारणपणे हो.

धोका नेमका कुठे?

क्लाउड कंपनी एका मोठ्या सर्व्हरचे अनेक भाग पाडते. प्रत्येक भाग स्वतंत्र कॉम्प्युटरसारखा चालतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. या सगळ्यांवर देखरेख ठेवणारा प्रोग्रॅम म्हणजे हायपरव्हायजर. लिनक्समधला केव्हीएम हा त्यातलाच एक.

डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवता येते, इंटरनेटवरून जाणारीही. पण काम करताना ती मेमरीत उघडी करावीच लागते. त्या क्षणी हायपरव्हायजरचा ताबा ज्याच्याकडे, मग तो कंपनीचा लबाड कर्मचारी असो की घुसलेला हॅकर, तो ती वाचू शकतो.

प्रोसेसरमधला लॉकर

यावर उपाय म्हणून इंटेलने २०१५ मध्ये सहाव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये 'एसजीएक्स' ही सोय आणली. प्रोग्रॅमचा नाजूक भाग एका बंद कप्प्यात ठेवायचा. हा कप्पा म्हणजेच एन्क्लेव्ह. त्यातली माहिती प्रोसेसरच्या आतच उघडते, बाहेर मेमरीत जाताना सांकेतिक रूपात जाते. ऑपरेटिंग सिस्टिमने वाचायचा प्रयत्न केला तरी हाती काहीच लागत नाही. 'सिग्नल' ॲपने २०१७ मध्ये याचाच वापर जाहीर केला. तुमच्या फोनबुकातले कोण सिग्नलवर आहेत हे कळावं, पण तुमचं फोनबुक सिग्नललाही दिसू नये, हा हेतू.

भाडेकरूपर्यंत लॉकर पोचला कसा?

अडचण अशी की ही खास मेमरी सर्व्हर सुरू होतानाच बाजूला काढली जाते. म्हणजे ती मालकाच्या ताब्यात, आतल्या व्हर्च्युअल मशीनला दिसतच नाही. लिनक्सच्या ५.११ आवृत्तीत, फेब्रुवारी २०२१ मध्ये, एसजीएक्सची मूळ सोय आली. त्याच वर्षी जूनमध्ये ५.१३ आवृत्तीत ती केव्हीएमला जोडली गेली आणि डिसेंबरमध्ये क्यूईएमयू ६.२ ने साथ दिली.

आता हायपरव्हायजर या मेमरीचा एक तुकडा भाडेकरूला देतो आणि 'तुझ्याकडे ही सोय आहे' असं कळवतो. पुढे एन्क्लेव्ह बनवणं, चालवणं हे भाडेकरूची स्वतःची सिस्टिम करते. मालक जागा देतो, पण चावी त्याच्याकडे नसते. ती प्रोसेसरच्या आतच राहते.

त्याची किंमतही आहे. दिलेला तुकडा व्हर्च्युअल मशीन चालू असेपर्यंत अडकून राहतो, केव्हीएम तो अधूनमधून काढून दुसऱ्याला देत नाही. सुरुवातीच्या प्रोसेसरमध्ये ही मेमरी जेमतेम १२८ एमबी होती. २०२१ च्या झिऑन सर्व्हर प्रोसेसरमध्ये ती प्रत्येकी ५१२ जीबीपर्यंत गेली. शिवाय चावी त्याच प्रोसेसरची असल्याने चालतं मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं, तर एन्क्लेव्ह सोबत जात नाही. तो नव्याने उभा करावा लागतो.

भरोसा, पण तपासून

समोर खरा एन्क्लेव्ह आहे की नुसती बतावणी, हे कसं कळणार? त्यासाठी प्रोसेसर सहीचा पुरावा देतो: आत नेमका कोणता प्रोग्रॅम चालतोय, याचा. त्याला अटेस्टेशन म्हणतात. हा पुरावा तपासल्याशिवाय गुपित माहिती पाठवली, तर लॉकर असून नसल्यासारखा.

आणि हा लॉकर अभेद्य नाही. २०१८ मध्ये संशोधकांनी 'फोरशॅडो' आणि २०१९ मध्ये 'प्लंडरव्होल्ट' हे हल्ले करून दाखवले. इंटेलला दुरुस्त्या द्याव्या लागल्या. पुढे घरगुती कॉम्प्युटरच्या नव्या प्रोसेसरमधून ही सोय काढली गेली, सर्व्हरमध्ये मात्र राहिली. एएमडीचं एसईव्ही आणि इंटेलचंच टीडीएक्स अख्खं व्हर्च्युअल मशीन झाकतात. ते वापरायला सोपं, पण मग आतल्या पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिमवर विश्वास ठेवावा लागतो. शिवाय आतला प्रोग्रॅमच गळका असेल, तर कोणताच कप्पा वाचवणार नाही.

आपण काय विचारायचं?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार माहिती गोळा करणारी संस्था जबाबदार असते, काम बाहेरच्या कंपनीला दिलं तरीही. म्हणून आपल्या संस्थांच्या कारभाऱ्यांना आम्ही सुचवू, की करारावर सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. काम चालू असताना माहिती मेमरीत कोण पाहू शकतं? अटेस्टेशन कोण तपासतं? सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर बसवल्या जातात का?

लोकांनी माहिती आपल्या भरवशावर दिलेली असते, क्लाउड कंपनीच्या नाही. उत्तर गोलमोल आलं, तर सही थांबवलेली बरी.