पहिली ऑर्डर कोण देणार?
लेखमाला : गावचं भांडवल, भाग ६

गेल्या भागात आपण पतसंस्था आणि भिशी यांच्यामधून गावातला पैसा गावातच कसा फिरतो, ते पाहिलं. पैसा आहे, तो फिरतोही, तरी नवा उद्योग उभा करणाऱ्याच्या हाती तो वेळेवर का पडत नाही, हा आजचा प्रश्न. त्यासाठी नाशिकच्या द्वारका परिसराकडे जाऊ.

मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग द्वारका चौकात मिळतात. मुंबईच्या बाजूला अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहती, पुणे रस्त्यानं गेलं की नाशिकरोड आणि पुढे सिन्नर, आग्र्याच्या दिशेला आडगाव, ओझर, पिंपळगावचा द्राक्षपट्टा. पाठीशी भद्रकाली आणि जुन्या नाशकातली तांब्यापितळेच्या भांड्यांची बाजारपेठ. कारखानदारी, शेती, कारागिरी आणि व्यापार या चौघांचे रस्ते इथे एकत्र येतात. या रस्त्यांवरून जाणारी माणसं मात्र एका टेबलाशी क्वचितच बसतात.

नाशिकला संस्थांची वानवा नाही. सहकारी तत्त्वावरची ‘नाइस’ औद्योगिक वसाहत जुनी आहे. ‘निमा’ १९७१पासून उद्योजकांचे प्रश्न मांडते आहे. अंबडमध्ये ‘आयमा’ ही उद्योजकांची संघटना आहे, इंजिनिअरिंग क्लस्टर आहे. व्यापाऱ्यांनी १९५९ साली काढलेली नाशिक मर्चंट्स बँक आहे. पण काठे गल्लीत किंवा वडाळा नाक्यावर एका गाळ्यात फॅब्रिकेशन करणारा, घरून मसाले विकणारी बाई, गॅरेजमध्ये बसून स्वतःचं एखादं यंत्र जुळवणारा डिप्लोमाधारक यांचा पत्ता औद्योगिक वसाहतीतला नसतो. ते कुठल्या बैठकीत नसतात, म्हणून कुणाच्या यादीतही नसतात.

अशा माणसाची अडचण आकड्यांत पाहू. समजा, एका फॅब्रिकेशनवाल्याला कारखान्याकडून ४ लाखांच्या स्टँडची ऑर्डर मिळाली. पत्रा आणि पाइप अडीच लाखांचे, दुकानदाराला रोख हवेत. कारागिरांची मजुरी आठवड्याला द्यायची. माल पोचला, बिल दिलं, की पुढच्या महिन्यात जीएसटी भरायचा. कारखान्याचं पेमेंट मात्र ९० दिवसांनी. मधल्या काळासाठी त्यानं अडीच लाख रुपये महिना ३ टक्क्यांनी खासगीतून उचलले, तर तीन महिन्यांचं व्याज साडेबावीस हजार. या कामात त्याला ४० हजार सुटणार असतील, तर निम्म्याहून जास्त व्याजातच गेले. काम चोख, माल पास, आणि तरी माणूस खड्ड्यात.

सरकारी योजना आहेत आणि त्या कामाच्या आहेत. २०१५पासून मुद्रा योजनेत १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. ‘तरुण’ गटातलं आधीचं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी ही मर्यादा आता २० लाख झाली आहे. लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणारा ट्रस्ट २०००पासून काम करतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत असला तर अनुदान मिळतं. पण शाखेत फाइल उघडली की व्यवस्थापकाचा प्रश्न ठरलेला असतो : माल घेणार कोण? या प्रश्नाला छापील प्रोजेक्ट रिपोर्टचं उत्तर तोकडं पडतं. हातात कुणाची तरी खरी ऑर्डर असली, की बोलणंच बदलतं. उद्योजकाला पैशाआधी गिऱ्हाईक लागतं, आणि पहिलं गिऱ्हाईक बहुतेकदा ओळखीतूनच येतं.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं की काय होतं, याचा अनुभव नाशिकनं घेतलेला आहे. २००३च्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा जीव गेला. पुढच्या, २०१५च्या सिंहस्थाआधी ‘कुंभथॉन’ हा उपक्रम सुरू झाला. एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर हे मूळ नाशिकचे, त्यांनी पुढाकार घेतला. शहराच्या खऱ्या अडचणी विद्यार्थ्यांपुढे आणि तरुणांपुढे ठेवल्या गेल्या. त्यातून नाशिकच्या एका शाळकरी मुलानं आणि त्याच्या सोबत्यांनी गर्दी मोजणारी चटई तयार केली. रस्त्यावर आडव्या अंथरलेल्या चटईवर पावलं पडली, की आतले सेन्सर दाब ओळखतात आणि किती माणसं पुढे गेली याचा अंदाज तिथल्या तिथे कळतो. ही चटई प्रत्यक्ष कुंभात वापरून पाहता आली. या मुलांना शहरानं दिलेली सर्वांत मोठी मदत म्हणजे रस्ता, गर्दी आणि परवानगी. त्यानंतर टीसीएस फाउंडेशनचं ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे नवकल्पनांचं केंद्रही नाशिकमध्ये उभं राहिलं.

दुसरं उदाहरण सह्याद्री फार्म्सचं. विलास शिंदे हे आडगावचे, राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेले. २००४च्या सुमारास मोजक्या शेतकऱ्यांना घेऊन त्यांनी युरोपला द्राक्षं पाठवायला सुरुवात केली. पुढे शेतकरी उत्पादक कंपनी झाली, मोहाडीला प्रक्रिया केंद्र उभं राहिलं. २०२२मध्ये युरोपातल्या गुंतवणूकदारांनी तिथे ३१० कोटी रुपये घातले. बातमी या रकमेची झाली. पण ते गुंतवणूकदार आले तेव्हा वर्षानुवर्षांचा हिशेब, ठरलेलं गिऱ्हाईक आणि माल देणारे हजारो शेतकरी तिथे आधीपासून होते. बाहेरचा मोठा पैसा सगळ्यात शेवटी आला.

मग द्वारकेत काय करता येईल?

पहिली गोष्ट, बैठक. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी वीस-पंचवीस जण. त्यांत एखाद्या कारखान्याचा खरेदी अधिकारी, एक सीए, बँकेचा शाखाधिकारी, निवृत्त इंजिनिअर, दोन घाऊक व्यापारी हवेतच. प्रत्येक वेळी दोघा नवोदितांनी आपला माल टेबलावर ठेवावा, भाव सांगावा आणि कुठे अडलंय ते मोकळेपणानं बोलावं. भाषणं नकोत.

दुसरी, पहिली ऑर्डर. प्रत्येक जुन्या सभासदानं वर्षातून एकदा एका नव्या माणसाला छोटी ऑर्डर द्यावी, कच्च्या मालापुरता अॅडव्हान्स द्यावा आणि बिल वेळेत चुकतं करावं. मधल्या व्याजाचे साडेबावीस हजार त्यातच वाचतात. २००६च्या कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं बिल लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. गिऱ्हाईक तुटेल या धास्तीनं लहान माणूस तक्रार करत नाही. पाठीशी वीस जण असले, तर तक्रारीची वेळ येण्याआधीच फोन करून पेमेंट सोडवता येतं. त्यासाठी उद्यम नोंदणी मात्र आधी करून ठेवावी. ती मोफत आहे.

तिसरी, बिलावर पैसा. मोठ्या कंपनीनं मान्य केलेलं बिल ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन व्यवस्थेत वित्तसंस्थांना विकता येतं आणि मुदतीआधी रक्कम हाती येते. बैठकीतल्या सीएनं एकाला हे करून दाखवलं, की दहा जण शिकतात.

फंड चौथा, आणि तो सर्वांत शेवटी. इथे सांभाळून पाऊल टाकावं. ‘उद्योजकांसाठी’ म्हणून लोकांकडून ठेवी गोळा करू नयेत. नियमनाबाहेरच्या ठेवींवर २०१९च्या कायद्यानं बंदी आहे. ज्यांना गुंतवायचं आहे त्यांनी आपल्या नावानं थेट उद्योजकाच्या कंपनीचे शेअर घ्यावेत, बुडाले तरी घर चालेल इतकेच पैसे घालावेत. शिवाय फॅब्रिकेशनवाल्याला भागीदार नको असतो, त्याला तीन महिन्यांचं खेळतं भांडवल हवं असतं. ते पतसंस्थेनं सभासदाला द्यावं. शेअरचा पैसा झपाट्यानं वाढू शकणाऱ्या मोजक्यांसाठीच राखावा.

२०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे. मंडप, फलक, पाणी, भोजन, स्वच्छता, वाहतूक अशी असंख्य कामं निघतील. ती बाहेरच्या मोठ्या ठेकेदारांकडे गेली, तरी त्यांना इथले गाळे आणि इथले हात लागणारच. त्या हातांना कामाचा वेळेवर मोबदला मिळवून देणारी माणसं द्वारकेत आजच एकत्र बसली, तर सिंहस्थ सरल्यावरही ते जाळं नाशिकच्या उपयोगी पडत राहील.

पुढील भागात : बँकेला पटेल असा हिशेब लहान उद्योजकानं कसा ठेवावा.