बिनतारी हृद्‌गतिमापक व सायकलस्वार

हृदयाच्या प्रत्येक आकुंचनापूर्वी त्याच्या स्नायूंतून एक सूक्ष्म विद्युत्‌लहर पसरते. छातीच्या त्वचेपर्यंत पोचताना तिचा दाब सुमारे एक मिलिव्होल्ट एवढाच उरतो. नेदरलँड्समधील लायडेन येथे विलेम आइंटहोव्हन ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या लहरीचे अचूक आलेखन करणारे उपकरण सिद्ध केले. हृद्‌विद्युत्‌-आलेखासंबंधीच्या ह्या कार्याबद्दल त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे उपकरण प्रयोगशाळेतून हलविण्याजोगे नव्हते. आज मात्र सायकलस्वार तेच काम करणारा पट्टा छातीस बांधून घाटरस्ता चढतो.

ह्या पट्ट्याची कामे दोन. त्यातील विद्युदग्रे त्वचेवरील लहर टिपतात; प्रेषक ठोक्यांची वार्ता बिनतारी मार्गाने हँडलवरील दर्शकाकडे धाडतो. म्हणून दोषही दोन प्रकारचे असतात. दर्शकावर आकडा दिसतो, पण तो विश्वसनीय वाटत नाही, तर दोष बहुधा विद्युदग्रांपाशी असतो. आकडाच नाहीसा होतो, तर प्रथम बिनतारी दुवा व विद्युत्‌घट तपासावा. हा भेद ध्यानी घेतल्यास निम्मे कोडे सुटते.

प्रथम विद्युदग्रांचा विचार करू. कोरडी त्वचा विजेस मोठा अवरोध करते. म्हणूनच प्रवासाच्या आरंभी, घाम येण्यापूर्वी, आकडे अनेकदा भलतेच असतात. पट्ट्याची आतील बाजू पाण्याने ओली करून तो घट्ट, परंतु श्वासास अडथळा होणार नाही असा बांधावा. उतारावर वेगाने जाताना कृत्रिम धाग्याचा सैल सदरा वाऱ्याने फडफडतो. त्या घर्षणाने स्थिर विद्युत्‌ निर्माण होऊन खोटे ठोके मोजले जातात. अंगाबरोबरचा सदरा हा त्यावरील सोपा उपाय होय. वाळलेल्या घामाचे क्षारही बाधक ठरतात. यास्तव प्रेषक काढून पट्टा वरचेवर धुवावा.

आता दुव्याकडे वळू. जुन्या पद्धतीचे प्रेषक सुमारे ५ किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे चुंबकीय क्षेत्र वापरतात. त्याचा पल्ला साधारण एक मीटर. उच्च दाबाच्या विद्युत्‌वाहिन्या किंवा विद्युत्‌ रेल्वेच्या तारा ह्यांखालून जाताना त्यात व्यत्यय येतो, आणि प्रेषक सांकेतिक नसल्यास शेजारच्या स्वाराचे ठोकेही आपल्या दर्शकावर उमटू शकतात.

नव्या पद्धतींत, म्हणजे ब्लूटूथ व अँट प्लस ह्यांत, २.४ गिगाहर्ट्‌झची कंप्रता योजतात. ह्या तरंगांची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर असते व शरीरातील पाणी त्यांना बऱ्याच अंशी शोषून घेते. म्हणून छातीवरील प्रेषकाची वार्ता पाठीवरच्या खिशातील मोबाईलपर्यंत कधी कधी पोचत नाही. तोच मोबाईल हँडलवर लावताच दुवा सांधला जातो. दुसरे असे की, ब्लूटूथचे कित्येक पट्टे एका वेळी एकाच ग्राहकाशी जोडले जातात. मोबाईलने आधीच जोडणी केली असल्यास दर्शकास पट्टा सापडत नाही. मोबाईलची जोडणी तोडावी. अँट प्लसची वार्ता मात्र अनेक ग्राहक एकाच वेळी घेऊ शकतात. पहिली जोडणी इतर स्वारांपासून दूर उभे राहून करावी, म्हणजे परक्याचा पट्टा निवडला जाणार नाही.

हे सर्व करूनही दुवा तुटत राहिल्यास विद्युत्‌घट बदलावा. बहुतेक पट्ट्यांत तीन व्होल्टचा नाण्याच्या आकाराचा घट असतो. एका वेळी एकच बदल करून पाहावा. अनेक बदल एकदम केल्यास खरे कारण हाती लागत नाही.

अखेरीस एक गोष्ट विसरू नये. अनपेक्षित आकडा हा नेहमीच यंत्राचा दोष नसतो. शंका येताच थांबून मनगटावरील नाडी पंधरा सेकंद मोजावी व त्या संख्येस चाराने गुणावे. दोन्ही आकडे जुळत असतील, तर पट्टा निर्दोष आहे. मग लक्ष स्वतःकडे द्यावयास हवे. छातीत वेदना, भोवळ किंवा असाधारण धाप जाणवल्यास, दर्शकावर कोणताही आकडा असो, सायकल थांबवावी व विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी.