लढाईत हाती लागलेली वस्तू कोणाची?

मुरुडच्या समुद्रात दोन जलदुर्ग आहेत. एक सिद्द्यांचा जंजिरा, दुसरा त्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग, म्हणजे कासा किल्ला. या किनाऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या लढाया पाहिल्या. त्यामुळे तोफा, गोळे, तलवारी यांच्या गोष्टी इथे खूप रंगतात आणि त्यांच्यासोबत एक समजूतही ऐकू येते: लढणाऱ्याने जे जिंकले, ते त्याचे. ही समजूत तेव्हाही खरी नव्हती आणि आज तर कायद्याने साफ चुकीची आहे.

गैरसमज : शिवकाळात मावळ्याला मिळालेली लूट त्याच्या घरी जाई.

वस्तुस्थिती : मोहिमेत मिळालेला ऐवज सरकारचा, हा स्वराज्याचा नियम होता. सभासदाच्या बखरीत त्याची पद्धत दिली आहे. स्वारीवर निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी होई. परतल्यावर झडती घेतली जाई. यादीपेक्षा जास्त निघाले तर ते पगारात वळते होई आणि लपवणाऱ्याला शिक्षा होई. मोगलांच्या बाजूने लिहिणाऱ्या, महाराजांबद्दल कडवट असलेल्या खाफीखानानेही हा नियम नोंदवला आहे. तांब्याचे नाणे, तांब्या-पितळेची भांडी सापडतील त्याची. सोने, चांदी, रत्ने आणि उंची कापड मात्र जसेच्या तसे सरकारात भरायचे. शत्रूच्या लेखणीतून आलेली ही साक्ष फार मोलाची आहे. सैनिकाला नेमका पगार आणि लुटीवर कडक हिशेब, यावरच त्या फौजेची शिस्त उभी होती.

गैरसमज : वसईच्या घंटा शिपायांनी आठवण म्हणून आपापल्या घरी नेल्या.

वस्तुस्थिती : मे 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने वसई घेतली. तहात पोर्तुगीजांना शस्त्रांसह आणि जंगम मालमत्तेसह बाहेर पडू दिले. चर्चच्या ज्या घंटा मराठ्यांकडे आल्या, त्या देवळांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटेवर 1721 साल आहे, तर वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर 1707. त्या विजयचिन्हे म्हणून सर्वांसमोर टांगल्या गेल्या. कुणा शिपायाच्या माजघरात लपल्या असत्या, तर आज आपल्याला दिसल्याच नसत्या.

गैरसमज : इंग्रजी फौजेत ज्याच्या हाती लागेल, त्याला ते मिळे.

वस्तुस्थिती : युद्धातली लूट कायद्याने राजाची मानली जाई. ती विकून आलेल्या पैशातून राजाच्या मर्जीने हुद्द्यानुसार हिस्से वाटले जात. 1817-18 च्या इंग्रज-मराठा युद्धानंतर त्र्यंबकेश्वरचा नाशिक हिरा असाच लंडनला जाऊन विकला गेला. आपल्या रायगड जिल्ह्याशी जोडलेला एक खटला तर कायद्याच्या पुस्तकांत आहे. मे 1818 मध्ये रायगड इंग्रजांना शरण आला. किल्लेदार नारो गोविंद औटी यांचा मोठा ऐवज पेशव्यांचा म्हणून जप्त झाला. वारसांच्या बाजूने दावा लागला, मुंबईच्या न्यायालयात तो जिंकलाही. पण 1830 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. युद्ध पूर्ण शमलेले नसताना केलेल्या लष्करी जप्तीत दिवाणी न्यायालयाला हात घालता येत नाही, असे ठरले. शिपायाला हाती लागलेले परस्पर ठेवता येत नव्हते, हे खरे; पण किल्लेदाराच्या वारसांनाही दाद मिळाली नाही. हा अन्याय पुढच्या काळातल्या नियमांनी दूर करायचा होता.

गैरसमज : आजचा सैनिक शत्रूची टोपी, बिल्ला किंवा घड्याळ आठवण म्हणून ठेवू शकतो.

वस्तुस्थिती : 1907 च्या हेग नियमांनी लुटालूट बंद केली. 1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याची शस्त्रे आणि लष्करी कागदपत्रे काढून घेता येतात. पण त्याचे शिरस्त्राण, कपडे, हुद्द्याचे चिन्ह, पदके आणि जिव्हाळ्याच्या वस्तू त्याच्याकडेच राहिल्या पाहिजेत. पैसे घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या आदेशाने, नोंदवहीत लिहून आणि पावती देऊन. मृत सैनिकाच्या अंगावरचे काही लुटायचे नाही. त्याच्या वस्तू त्याच्या देशाकडे पोचवायच्या. भारताने 1960 मध्ये जिनिव्हा करारांसाठी स्वतंत्र कायदा केला. लुटीच्या शोधात घरात घुसणे हा 1950 च्या लष्करी कायद्याखालीही गुन्हा आहे.

गैरसमज : मग पाकिस्तानी रणगाडे आपल्याकडे कसे? म्हणजे लूट चालते.

वस्तुस्थिती : शत्रूराष्ट्राची युद्धसामग्री जप्त करता येते, पण ती जिंकणाऱ्या राष्ट्राची होते, जवानाची नाही. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातला पॅटन म्हणूनच सर्वांना पाहता येतो. 16 डिसेंबर 1971 ला ढाक्यात जनरल नियाझींनी जनरल जगजितसिंग अरोरांकडे सोपवलेले रिव्हॉल्व्हरही डेहराडूनच्या लष्करी अकादमीत आहे. ते अरोरांच्या घरी गेले नाही.

गैरसमज : जंजिऱ्यातला एखादा जुना गोळा उचलला, तर काय बिघडते?

वस्तुस्थिती : जंजिरा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. 1958 च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाला इजा करणे किंवा त्याचा भाग हलवणे हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी पुराणवस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. तिच्या विक्रीचा धंदा करायचा तर 1972 च्या कायद्याखाली परवाना हवा.

आजोबा-पणजोबांनी परमुलखातल्या लढाईवरून आणलेले काही घरात असेल, तर ते लपवू नका आणि विकूही नका. बंदूक-पिस्तूल असेल तर आधी पोलीस ठाण्यात परवान्याची चौकशी करा. नाव लिहिलेला झेंडा, पत्र किंवा फोटो असेल, तर तो कुणाच्या तरी मुलाचा आहे हे ध्यानात घ्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी जपान्यांचे सह्या केलेले झेंडे नेले होते. आता त्या सैनिकांची कुटुंबे ते जपानमधल्या घरांना परत करत आहेत. हा धडा आपणही घ्यावा. आणि जंजिऱ्यात गेलात तर कलालबांगडी तोफ डोळे भरून पाहा, फोटो काढा, पण खिशात तिथला दगडही आणू नका.