कृत्तिकांची कैफियत

लग्नात अरुंधती पाहिली नाही अशी बाई आपल्यात विरळाच. खरं म्हणजे पाहिलेली कुणीच नसते! भरदुपारचा मुहूर्त, डोक्यावर मांडवाचं कापड. गुरुजी बोट दाखवतात, आपण मान हलवतो आणि पुढचा विधी सुरू होतो. सप्तर्षींतल्या वसिष्ठाला चिकटून असलेली बारीकशी चांदणी म्हणजे अरुंधती. पण ऋषी सात, मग बाकीच्या सहाजणी कुठे गेल्या, असा प्रश्न तुम्हांला कधी पडला का?

त्या आहेत आकाशाच्या अगदी दुसऱ्या भागात, नवऱ्यांपासून लांब. कृत्तिका नक्षत्र म्हणतात ते त्यांनाच.

त्या तिकडे कशा गेल्या, याची हकिगत महाभारताच्या वनपर्वात आहे. अग्नी ऋषिपत्नींवर भाळला. पण त्या पतिव्रता, म्हणून झुरत रानात निघून गेला. इकडे दक्षाची मुलगी स्वाहा अग्नीवर जीव लावून बसलेली. तिने एकेका ऋषिपत्नीचं रूप घेऊन सहा वेळा त्याला गाठलं. सातवं रूप अरुंधतीचं. ते मात्र तिला घेता येईना, इतकं अरुंधतीचं तप मोठं. पुढे स्कंद जन्मला आणि बोभाटा झाला, की हा त्या सहाजणींचा मुलगा! ऋषींनी बायकांना टाकलं. आता नीट वाचा हं. मुलगा माझा आहे, तुम्ही समजता तसं काही नाही, असं स्वाहा परत परत सांगत होती. विश्वामित्राने सगळा प्रकार पाहिला होता. यांचा काही दोष नाही, असं त्यानेही सांगितलं. तरी टाकलं ते टाकलंच. साक्षीपुरावा पुढे असून उपयोग झाला नाही. अरुंधतीचे गोडवे आपण गातो. पण या सहाजणी तरी काय चुकल्या होत्या?

त्या गेल्या थेट त्या मुलाकडेच. आमची जागा गेली, तू आमचा मुलगा हो, म्हणाल्या. स्कंदाने त्यांना आया मानलं. तेव्हा अभिजित नक्षत्र तपाला निघून गेल्यामुळे आभाळात एक जागा रिकामी होती; तिथे या सहाजणी गेल्या. रामायणातली कथा जरा मवाळ आहे. तिथे देवच कृत्तिकांना बाळाला दूध पाजायला पाठवतात, आणि सहाजणींचं दूध प्यायला बाळाला सहा तोंडं होतात. षडानन आणि कार्तिकेय ही नावं त्यावरूनच.

याहून जुना शतपथ ब्राह्मण उघडला तर मामला निराळाच दिसतो. सप्तर्षींना तेव्हा ऋक्ष, म्हणजे अस्वलं, म्हणत आणि कृत्तिका त्यांच्या बायका. नवरे उगवतात उत्तरेला, बायका पूर्वेला, म्हणून ताटातूट. अग्नी हा त्यांचा जोडीदार, असंही सरळ सांगून टाकलं आहे. तिथे ना स्वाहा, ना बोभाटा.

त्याच ठिकाणी एक वाक्य आहे, की कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित (1853–1898) यांनी ते वाक्य धरून गणित मांडलं. पृथ्वीचा आस सुमारे 26 हजार वर्षांत एक फेरा घेतो, त्यामुळे ताऱ्यांच्या उगवायच्या जागा हळूहळू सरकतात. आज कृत्तिका पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेला उगवतात. ठीक पूर्वेला उगवत असतील, तर तो काळ इसवी सनापूर्वी 3000च्या आसपासचा, असं दीक्षितांनी काढलं. भारतीय ज्योतिषाचा त्यांचा मराठी इतिहास 1896 साली छापून निघाला. त्या वाक्याचा इतका शब्दशः अर्थ घ्यावा का, यावर विद्वानांचा वाद अजून मिटलेला नाही. पण वेदकाळच्या नक्षत्रांच्या याद्या अश्विनीपासून नव्हे, कृत्तिकांपासून सुरू होतात, ही गोष्ट खरी. पहिला मान त्यांचा होता!

आणि आपल्याकडची रूढी काय? बायकांनी कार्तिकस्वामीचं दर्शन घ्यायचं नाही. घेतलं तर सात जन्म वैधव्य, असा त्याचाच शाप आहे म्हणे. सवलत फक्त कार्तिक पौर्णिमेला कृत्तिकांचा योग असेल तेव्हा. तमिळनाडूत हाच देव मुरुगन. वल्ली आणि देवयानै अशा दोन बायकांसह उभा असतो, आणि बायका खुशाल नवस बोलायला जातात. सहा आयांच्या नावाने ओळखला जाणारा मुलगा बायकांचं तोंड बघत नाही, हे मला तरी पटत नाही.

असो. देवळाचं तुमचं तुम्ही ठरवा, आभाळाला मात्र कुणाची मनाई नाही. कार्तिकात पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ असतो, महिन्याचं नावच त्यावरून पडलं. पण त्या उजेडात त्या फिक्या पडतात. म्हणून चार-पाच दिवस थांबा. जेवणं उरकली की चंद्र उगवायच्या आत गच्चीवर जा आणि पूर्वेकडे पाहा. तांबूस रोहिणीच्या वरच्या अंगाला चांदण्यांचा छोटासा झुबका दिसेल. मुलांना मोजायला सांगा. बहुतेकांना सहाच दिसतात. तैत्तिरीय संहितेत मात्र नावं सात आहेत: अंबा, दुला, नितत्नी, अभ्रयंती, मेघयंती, वर्षयंती, चुपुणिका. त्यांतल्या तिघी तर ढग आणि पाऊस आणणाऱ्या. गॅलिलिओने 1610 साली दुर्बिणीतून पाहून छत्तीस काढून दाखवल्या होत्या. घरात साधी दुर्बीण असेल तर तीही वर न्या.