डिमीटरची लेक



उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते. त्या काठच्या शाळेत ग्रीक देवीचा पाठ काढला, की मुले पहिल्यांदा हसणार. नावच मुळी अवघड! म्हणून नाव फळ्यावर मागाहून लिहावे. आधी गोष्ट सांगावी, आणि ती पिकापासून सुरू करावी.

डिमीटर ही ग्रीकांची धान्याची देवी. रोमन लोक तिला सेरीस म्हणत. इंग्रजीत धान्याला ‘सीरियल’ म्हणतात, तो शब्द या सेरीसवरूनच आला. तिची लेक पर्सेफोनी. लेक कुरणात फुले तोडत होती, तोच जमीन दुभंगली आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथात घालून घेऊन गेला. आई हातात मशाली घेऊन नऊ दिवस अन्नपाण्यावाचून हिंडली. पुढे म्हातारीच्या रूपात ती एल्युसिस गावी एका विहिरीपाशी येऊन बसली. तिथे राजाच्या चार मुली पाण्याला आल्या, त्यांनी तिची विचारपूस केली आणि तिला घरी नेले. सुमारे २६०० वर्षांपूर्वीच्या ग्रीक स्तोत्रात हे आले आहे. पण पाणवठ्यावरची ही भेट आपल्या मुलींना समजावून सांगावी लागत नाही.

लेक मिळेना, तेव्हा डिमीटरने पीक उगवणेच थांबवले. नांगरट फुकट गेली, पेरलेला सातू मातीतच राहिला. माणसे उपाशी मरू लागली, तेव्हा देवांचा राजा झ्यूस नमला आणि लेकीला परत बोलावले. पण तिने पाताळात डाळिंबाचा एक दाणा खाल्ला होता. तिथले अन्न खाल्ले, की तिथे परतावेच लागते. म्हणून वर्षाचा एक तृतीयांश काळ ती पाताळात आणि बाकीचा आईपाशी.

हे चार महिने कोणते? आपला पाऊस ज्येष्ठ-आषाढात सुरू होतो. ग्रीसमध्ये तो मुख्यतः हिवाळ्यात पडतो. गहू, सातू तिकडे पावसाळ्याच्या तोंडाला पेरतात आणि उन्हाळा लागता लागता कापतात. लेक वसंतातल्या फुलांबरोबर वर येते असे स्तोत्रात आहे, म्हणून बहुतेक लोक हिवाळा धरतात. पण स्वीडनचे विद्वान मार्टिन निल्सन यांचे म्हणणे निराळे. कापणीनंतर रखरखीत उन्हाळ्यात धान्य जमिनीखालच्या कोठारात ठेवत. तेच लेकीचे पाताळात जाणे. आता मुलांना विचारा, पेव म्हणजे काय? सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे आपल्याकडे कुणाला ठाऊक नाहीत? मला स्वतःला निल्सन यांचे म्हणणे जवळचे वाटते. मुलांपुढे मात्र दोन्ही ठेवावीत.

भाद्रपदात आपल्याकडे गौरी माहेराला येतात, तीन दिवस राहून जातात. मुले लगेच म्हणतील, ही तर आपलीच गौर! म्हणू द्या. मग फरक काढायला लावा. गौर आनंदाने येते आणि ओटी भरून परत जाते. पर्सेफोनीला पळवून नेले होते.

इथेच शिक्षक घाई करतात. लग्न परस्पर ठरवले होते बापाने, म्हणजे झ्यूसने. आईला पत्ता नाही, मुलीला विचारलेले नाही. मुलीचे वय १८ पुरे झाल्याशिवाय लग्न करता येत नाही, असा आज आपला कायदा आहे. तरी आठवीच्या वर्गात एखादी अशी असते, की जिच्या घरी दिवाळीनंतर पाहुणे यायचे ठरलेले आहे. ती हा भाग मान वर करून ऐकेल. तेव्हा हे वाक्य गाळू नका, की त्यावर व्याख्यानही झोडू नका. “डिमीटरने काय करायला हवे होते?” एवढेच विचारा आणि थांबा. उत्तर लगेच येणार नाही. तास संपल्यावर कुणी टेबलापाशी घुटमळली, तर तिचे ऐकायला वेळ ठेवा.

“गुरुजी, ती देवी खरी का?” हाही प्रश्न येणारच. हसण्यावारी नेऊ नये. एल्युसिसला तिचा उत्सव हजार वर्षांहून अधिक चालला आणि इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस बंद पडला, एवढे सांगावे.

आणि सहल कोल्हापूरला गेली, तर टाऊन हॉलमधले संग्रहालय चुकवू नका. ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास सापडलेली काशाची एक लहानशी मूर्ती तिथली आहे. सातवाहनांच्या काळी समुद्रापलीकडून व्यापारात आलेली. तो पोसायडन, समुद्राचा देव. ग्रीकांच्या हिशेबाने डिमीटरचा सख्खा भाऊ.